रंग उडाला म्हणजे औषध सापडलं का?

प्रयोगवही:
वनस्पतीचा, समुद्री शेवाळाचा नाहीतर अळंबीचा अर्क काढायचा, डीपीपीएचच्या जांभळ्या द्रावणात टाकायचा, द्रावण पिवळं पडलं की ‘प्रभावी अँटिऑक्सिडंट’ म्हणून निबंध छापायचा. डीपीपीएच हा कृत्रिम मुक्त मूलक (सुटा इलेक्ट्रॉन असलेला, चटकन अभिक्रिया करणारा रेणू; अशांना शांत करतं ते अँटिऑक्सिडंट), शरीरात तो नसतोच. ओआरएसी नावाच्या अशाच एका मापाची यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये मागे घेतली, कारण ते आकडे जाहिरातींत मिरवले जात होते. आणि फिनलंडमधली १९९४ ची चाचणी आठवा: २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष, त्यात बीटा-कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त.

रानवाटा:
सिगारेट ओढणाऱ्याला दिलेली गोळी आणि अख्खी वनस्पती एकाच मापाने मोजताय? चाचणी स्वस्त आहे म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. शेकडो अर्कांतून निवड करायची तर सुरुवात कुठून करणार? आर्टेमिसिनिन हे हिवतापाचं औषध वनस्पतीतूनच आलं, चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ चं नोबेल त्यावरच मिळालं. लोव्हास्टॅटिन, सायक्लोस्पोरिन ही औषधं बुरशीतून आली.

प्रयोगवही:
उदाहरणं तर माझ्याच बाजूची दिलीत! आर्टेमिसिनिनमधला पेरॉक्साइडचा बंध हिवतापाच्या परजीवीतल्या लोहामुळे तुटतो, त्यातून मुक्त मूलकं *तयार* होतात आणि परजीवी मरतो. तुमच्या चाळणीत ते पहिल्याच फेरीत गळलं असतं. लोव्हास्टॅटिन कोलेस्टेरॉल बनवणारं विकर (एन्झाइम) अडवतं, सायक्लोस्पोरिन प्रतिकारशक्ती दाबतं. रंग उडवण्याशी तिघांचाही संबंध नाही.

भूछत्र:
तुम्ही दोघंही मूलकं थेट टिपणारा रेणू म्हणजेच अँटिऑक्सिडंट असं धरून भांडताय. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन स्वतः फारसं काही टिपत नाही. ते पेशीतल्या एनआरएफ२ या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला जागं करतं, मग पेशी आपली संरक्षक विकरं वाढवते. अळंबीतलं एर्गोथायोनिन हे अँटिऑक्सिडंट आपलं शरीर बनवू शकत नाही, तरी ते आत घेणारं वाहक प्रथिन आपल्याकडे आहे (ओळख पटली २००५ मध्ये). शरीर ते उगाच बाळगेल असं मला वाटत नाही.

प्रयोगवही:
वाहक आहे, मान्य. पण त्यावरून ‘जास्त खा, आजार टळेल’ असं कसं ठरतं?

खारेपाणी:
शेवाळाचं कुणी बोलतच नाही. तपकिरी शेवाळातल्या फुकॉइडन या सल्फेटयुक्त शर्करेचं नाव एक, पण जात, ऋतू आणि काढण्याची पद्धत बदलली की रेणूचा आकार आणि सल्फेटचं प्रमाण बदलतं. बाटलीत नेमकं काय आहे हेच ठरत नसेल तर निष्कर्ष कशाचा काढायचा? शिवाय केल्प या शेवाळात आयोडीन भरमसाट आणि हिजिकी या शेवाळात विषारी अजैविक आर्सेनिक. ‘नैसर्गिक आहे, बिनधास्त घ्या’ म्हणणाऱ्यांनी थायरॉइडच्या रुग्णांना विचारून बघावं.

रानवाटा:
बघा, इथेच ती रंगाची चाचणी उपयोगी पडते. या हंगामातला अर्क मागच्या हंगामासारखाच उतरलाय का, ते झटपट कळतं.

प्रयोगवही:
मालाची तपासणी म्हणून खुशाल वापरा. तो आकडा औषधाच्या डबीवर आला की माझं भांडण सुरू.

रानवाटा:
डबीवर तो विक्रेते छापतात हो. संशोधकांना कशाला झोडपताय?