शब्दचर्चा : सामन्यातल्या ‘दंगली’ला दुसरा शब्द सुचवा

वाघूर
मंडळी, एका शब्दावर गाडी अडली आहे. पुढच्या महिन्यात भुसावळला आमची आठ संघांची फुटबॉल स्पर्धा आहे. यंदा नियमावली मराठीत छापायचं ठरलं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. नववं कलम मी असं लिहिलं : ‘समर्थकांनी दंगल केल्यास संबंधित संघ जबाबदार राहील.’ बैठकीत वाचलं, तर जामनेरकडचे आमचे एक ज्येष्ठ सभासद, जुने पैलवान, लगेच म्हणाले, “दंगल केली म्हणून शिक्षा? आमच्या यात्रेत दंगल भरवायला वर्गणी काढतात.” त्यांच्या गावच्या पत्रकावर दरसाल ‘कुस्त्यांची जंगी दंगल’ असंच छापलेलं असतं. मी म्हटलं, आबा, पेपरात दंगल म्हणजे जाळपोळ, दगडफेक. ते म्हणाले, पेपर नंतर आले, आखाडा आधीचा आहे.

दुसरी अडचण याहून मोठी. युरोपातल्या फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे युएफाच्या नियमांत असं आहे की पाठीराखे मैदानात घुसले, त्यांनी वस्तू फेकल्या, फटाके पेटवले तर क्लबलाच धरायचं. बंदोबस्तात आम्ही तसूभर कसूर केली नाही, हे क्लबने सिद्ध केलं तरी सुटका नाही. इंग्रजी कायद्यात याला स्ट्रिक्ट लायबिलिटी म्हणतात. मराठीत एका शब्दात काय म्हणायचं? रविवारी मजकूर छापखान्यात द्यायचा आहे.

शब्दवेडा
दंगल, राडा, हंगामा, तिन्ही नकोत. नियमावलीत बाजारातले शब्द आले की नियमाचं वजन जातं. पहिल्यासाठी ‘प्रेक्षकोपद्रव’ आणि दुसऱ्यासाठी ‘निरपेक्ष उत्तरदायित्व’. दोन्ही स्वयंपूर्ण आहेत आणि दोन्हींतून पुढे विशेषणं, क्रियापदं काढता येतात.

केळीवाला_रावेर
‘प्रेक्षकोपद्रव’ वाचून कुणाच्याही डोळ्यांसमोर दगड येत नाही. नियम ज्याने पाळायचा त्याला तो पहिल्या वाचनात कळला पाहिजे.

दुसऱ्या शब्दासाठी कोंडवाडा आठवा. मी सहावीत असताना आमचा गोऱ्हा रात्री दावं तोडून शेजारच्या केळीत शिरला. नवी लावण होती, गुडघ्याएवढी. सकाळी शेजाऱ्याने त्याला कोंडवाड्यात घातलं. वडील सोडवायला गेले, मी बरोबर होतो. वडिलांनी तुटलेलं दावं खिशातून काढून टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, बांधला होता हो, हे बघा, गाठ अजून तशीच आहे. समोरच्या माणसाने दाव्याकडे बघितलंसुद्धा नाही. “जनावर कुणाचं?” एवढंच विचारलं. वडील म्हणाले, माझं. मग पावती फाडली. वाघूरभाऊ, तुमची स्ट्रिक्ट लायबिलिटी ती हीच. आमच्याकडे म्हणतात, ‘धनी भरेल.’

पांझराकाठ
केळीवाल्यांचं उदाहरण कायद्यालाही धरून आहे. जनावर दुसऱ्याच्या रानात शिरलं तर मालक जबाबदार, हे तत्त्व इंग्रजी कायद्यात फार जुनं. आपल्याकडचा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा १८७१ चा, कोंडवाड्यांची तरतूद त्यात आहे.

पण शब्द निवडताना एक भेद सांभाळा. १८६८ च्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर खटल्यात तलावाचं पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरलं, तिथून कडक जबाबदारीचं तत्त्व पुढे आलं. त्यात अपवाद आहेत, उदाहरणार्थ दैवी आपत्ती. दिल्लीत १९८५ साली ओलियम वायूची गळती झाली. त्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांसाठी हे अपवादही काढून टाकले. हिंदीत पहिल्याला ‘कठोर दायित्व’ आणि दुसऱ्याला ‘पूर्ण दायित्व’ म्हणतात. मराठीत मला ‘कठोर’ खटकतो. मन कठोर असतं, शिक्षा कठोर असते. जबाबदारी कठोर कशी असेल?

शब्दवेडा
म्हणूनच ‘निरपेक्ष’ म्हटलं. दोषाची अपेक्षा न ठेवता येणारी. आणि ‘जबाबदारी’तला जबाब फारसीतून आलाय, हे नोंदवून ठेवतो.

केळीवाला_रावेर
फारसीतून आला आणि तापीचं पाणी प्यायला. चारशे वर्षं झाली. आता तो इथलाच.

गिरणाथडी
कोंडवाड्याची उपमा मला अजिबात मान्य नाही. पाठीराखे म्हणजे गुरं नव्हेत आणि क्लब त्यांचा धनी नव्हे.

चाळीसगावला आमचा छोटा क्लब होता. एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, बरोबरी असताना, पंचाने आमच्या विरुद्ध पेनल्टी दिली. लाइनमनच्या भुवईवर दगड लागला. मी पाच पावलांवर उभा होतो. तो दगड मी उचलला. रेल्वेच्या रुळांखालची काळी खडी, एका अंगाला ग्रीसचा चिकट डाग. मैदानाच्या भिंतीपलीकडेच रूळ होते. भिंतीवर दहा-पंधरा पोरं बसलेली, त्यातलं एकही आमच्या यादीत नव्हतं. लाइनमनने झेंडाच भुवईवर दाबून धरला होता, पिवळ्या कापडावर रक्त काळपट दिसत होतं. त्या माणसाबद्दल मला आजही वाईट वाटतं.

संयोजकांनी आमच्या क्लबला दोन वर्षं बाद केलं. त्यांच्या पत्रातले शब्द मला पाठ आहेत : ‘आपल्या संघाच्या हुल्लडबाजीमुळे’. संघाच्या! आमच्या अकरा पोरांपैकी कुणी खडा उचलला नव्हता. चौदा वर्षांखालचा संघही त्याच नावाने खेळायचा, तोही गेला. दोन वर्षांनी ती पोरं सोळाची झाली, बूट लहान झाले. निम्मी परत आलीच नाहीत. वाघूरभाऊ, कलमात शब्द कोणताही घाला, पण ‘संघाने दंगल केली’ असा अर्थ निघेल असं वाक्य लिहू नका.

पांझराकाठ
हे मोठ्या प्रमाणावरही घडलंय. २९ मे १९८५ ला ब्रसेल्सच्या हेझेल मैदानात लिव्हरपूल आणि युव्हेंटसच्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्याआधी लिव्हरपूलचे पाठीराखे समोरच्या गर्दीवर धावून गेले, भिंत कोसळली, ३९ माणसं मेली, बहुतेक इटालियन. त्यानंतर सगळ्याच इंग्लिश क्लबांना युरोपातल्या स्पर्धांत पाच वर्षं बंदी, लिव्हरपूलला सहा. त्या वर्षीचा इंग्लंडचा विजेता होता एव्हर्टन. त्यांच्या माणसांचा ब्रसेल्सशी काही संबंध नव्हता, तरी युरोपियन कपची संधी गेली.

केळीवाला_रावेर
मग ३९ माणसांचं कुणी भरायचं? भिंतीवरची पोरं कुणाची ते सापडत नाही, म्हणून कुणालाच काही नाही? लाइनमनच्या टाक्यांचे पैसे कुणी दिले, गिरणाथडीदादा?

गिरणाथडी
आम्ही दिले. पत्र यायच्या आधी, वर्गणी काढून. भरायला आमचा नकार कधीच नव्हता. भरणं वेगळं आणि गुन्हेगार ठरणं वेगळं. मराठीत यासाठी शब्द आहे की : भुर्दंड. दोष नसताना भरावा लागतो तो भुर्दंड. त्यात कुणी तुम्हाला गुंड म्हणत नाही.

शब्दवेडा
भुर्दंड म्हणजे भू अधिक दंड. जमिनीवरचा दंड. मधला र् उच्चाराच्या सोयीसाठी घुसला असावा.

मास्तर_अमळनेर
र् असा उगाच घुसत नाही. ‘भूर’ म्हणजे सरसकट वाटलेली दक्षिणा, तो शब्द इथे तपासायला हवा. आणि भुर्दंड या शब्दातच तक्रार आहे. भरणारा तो उच्चारतो, वसूल करणारा कधीच नाही. नियमात ‘संघास भुर्दंड बसेल’ लिहिलंत तर नियमच स्वतःला अन्यायी म्हणेल.

गिरणाथडींनी वाक्याचा कर्ता कोण, हे विचारलं ते महत्त्वाचं. मी चौतीस वर्षं व्याकरण शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. एकाने मारलं तर ‘मारहाण’ आणि दोघांनी मारलं तर ‘मारामारी’. ढकलाढकली, खेचाखेची, हाणामारी, या जोडशब्दांच्या पोटात ‘एकमेकांना’ दडलेलं असतं. आता ‘चेंगराचेंगरी’ घ्या. हा शब्द म्हणतो, लोकांनी लोकांना चेंगरलं. बाहेरचा कुणी त्यात दिसतच नाही.

१५ एप्रिल १९८९, इंग्लंडमधल्या शेफील्डचं हिल्सबरो फुटबॉल मैदान. बाहेर गर्दी दाटली म्हणून पोलिसांनी बाहेर पडायचं फाटक उघडलं आणि लोंढा आधीच भरलेल्या, कुंपण घातलेल्या मधल्या कप्प्यांत शिरला. आज मृतांचा आकडा ९७ धरतात. दोष मात्र पाठीराख्यांच्या दारूला आणि दांडगाईला दिला गेला. २०१६ साली चौकशीतल्या ज्यूरीने सांगितलं की हे मृत्यू बेकायदा कृत्याने झाले आणि पाठीराख्यांचा त्यात दोष नव्हता. सत्तावीस वर्षं! मराठीत त्याला चेंगराचेंगरी म्हणताना माझा हात थांबतो. तिथे चेंगरणारं फाटक होतं.

आहिराणी_माय
मास्तर, हे वाचून २००३ चा नाशिकचा कुंभमेळा आठवला. माझी मावशी तिथल्या गर्दीत होती. घरी आली ती एकाच पायात चप्पल घालून. ती म्हणायची, “आम्ही कोणाले लोटं नही, आमले मांगून लोटं.” चेंगराचेंगरी हा शब्द तिने कधी वापरला नाही.

आणि दंगलीबद्दल. माझी आजी शिरपूरकडची. अंगणात पोरं भांडली की ओट्यावरून ओरडायची, “काय गोंधय करी राहिनात रे?” घरात लग्न झालं की हीच आजी गोंधळी बोलावून रात्रभर देवीचा गोंधळ घालायला लावायची. तमाशाचं तेच झालं, शिमग्याचं तेच, आबांच्या दंगलीचंही तेच. माणसं हौसेने जमायची त्याचेच शब्द आपण पुढे दूषण द्यायला वापरले. वाघूरभाऊ, तुमच्या नवव्या कलमातली माणसंही आधी खेळ बघायलाच आलेली असतात.

शब्दवेडा
आहिराणी_माय, हा धागा सुंदर आहे. त्यावरून सांगतो, ‘हुल्लड’ शब्द तर जगभर गेलाय. इंग्रजीतला हूलिगन आपल्या हुल्लडवरूनच आला असणार. गोऱ्या शिपायांनी छावणीत ऐकला आणि मायदेशी नेला. हूल उठवणे, हूल देणे, हुल्लड, हूलिगन, सगळे एका कुळातले.

पांझराकाठ
हे पटत नाही. हूलिगन १८९८ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रांत पोलीस कोर्टाच्या बातम्यांतून वर आला. एका आयरिश आडनावाशी त्याचा संबंध जोडतात. नुसत्या ध्वनिसाम्यावर जायचं तर संथाळांनी १८५५ साली इंग्रजांविरुद्ध केलेल्या उठावालाही ‘हूल’च म्हणतात. तोही याच कुळात घालणार का?

शब्दवेडा
का घालू नये? जमाव उठणे हा अर्थ तिथेही आहे. आयरिश आडनावाची कथा नंतर रचलेली असू शकते.

केळीवाला_रावेर
राडा कुठून आला तेही कुणीतरी सांगा. सोलापूरकडचा माझा मित्र चिखलाला राडा म्हणतो. आपल्याकडे चिखल म्हणजे गारा. मुंबईची पोरं राडा म्हणतात ते चिखलात लोळल्यासारखं भांडण म्हणून का?

मास्तर_अमळनेर
मला तसंच वाटतं. पण गारा आणि राडा यांचा आपसात संबंध लावू नका, तो लागत नाही.

मूळ विषयावर एक राहिलं. १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियात मलंगला अरेमा क्लब घरचा सामना हरल्यावर लोक मैदानात उतरले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, माणसं दारांकडे पळाली, १३५ जीव गेले. त्या रात्रीलाही ‘दंगल’ म्हटलं गेलं. अरेमा क्लबला दंड झाला, घरच्या मैदानावर सामने भरवायची बंदी झाली. क्लबची चूक असेल, पण धूर क्लबने सोडला नव्हता.

गिरणाथडी
आपल्याकडचं विसरू नका. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागानच्या सामन्यात १६ प्रेक्षक गेले. त्याच दोन संघांच्या डिसेंबर २०१२ च्या सामन्यात प्रेक्षकांतून आलेला दगड बागानच्या रहीम नबीला लागला. बागानने उत्तरार्ध खेळायला नकार दिला. भारतीय फुटबॉल महासंघाने बागानवर आधी बंदी घातली, मग ती उठवून दोन कोटी रुपये दंड केला आणि तोवरचे गुण काढून घेतले. दगड ज्या संघाच्या खेळाडूला लागला, त्याच संघाला! दगड मारणाऱ्यासाठी आपल्याकडे शंभर शब्द आहेत, दगड खाऊन वर दंड भरणाऱ्यासाठी एक तरी सांगा.

पांझराकाठ
दादा, तो दंड दगडाबद्दल नव्हता, सामना अर्धवट सोडल्याबद्दल होता. नियमाची ही दोन कलमं वेगळी आहेत.

गिरणाथडी
कागदावर वेगळी. नबीच्या चेहऱ्यावर एकच.

वाघूर
सगळ्यांचे आभार. मास्तरांचं वाचून मी नामच काढून टाकलं आणि क्रियापदं घातली. आता असं झालंय : ‘ज्या संघाच्या बाजूच्या लोकांनी दगड वा बाटली फेकली, फटाके टाकले किंवा मैदानात घुसून खेळ थांबवला, त्या संघाने जखमींचा औषधोपचार व झालेले नुकसान भरून द्यावे. बंदोबस्त नीट होता ही सबब ऐकली जाणार नाही. लहान गटाच्या संघावर याचा परिणाम होणार नाही.’ शेवटचं वाक्य गिरणाथडीदादांसाठी. दंगल गेली, आबा खूश आहेत. एक शब्द मात्र अजून मिळाला नाही, शीर्षकाची जागा मोकळीच आहे.

शब्दवेडा
‘बाजूचे लोक’ चुकीचं आहे. बाजूला कुणीही उभा राहतो. ‘पाठीराखे’ लिहा.

मास्तर_अमळनेर
पाठीराखा म्हणजे पाठीशी उभं राहून राखणारा. दगड मारून संघाला बाद करवणाऱ्याला पाठीराखा कसं म्हणायचं?

केळीवाला_रावेर
पाठराखीण शब्द त्यातलाच ना? नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जाते ती. तिथे कोण कुणाला राखतं?

आहिराणी_माय
मी गेले होते पाठराखीण म्हणून, आत्याबरोबर नंदुरबारला. नऊ वर्षांची होते. निघताना आईने सांगितलं, तिथे नीट वाग, तुझं काही चुकलं तर बोल आत्याला लागेल. दुसऱ्या दिवशी पंगतीत माझ्या हातून तुपाची वाटी सांडली, खापरावरच्या पुरणपोळ्यांच्या चवडीवरच. आत्याच्या सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी आत्याकडे बघितलं.