मदत हवी आहे: न्यूझीलंडमध्ये ध्रुवतारा दिसत नाही, मग रात्री दिशा कशी ओळखायची?

प्रवासी_पुणे: डिसेंबरच्या मध्यावर न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर टेकापो सरोवराजवळ मुक्काम आहे. आपल्याकडे सप्तर्षी किंवा शर्मिष्ठेवरून ध्रुव सापडतो, पण तिथे तो क्षितिजाखाली असतो. त्रिशंकूवरून (क्रूसाच्या आकाराचा चार ठळक ताऱ्यांचा समूह) दक्षिण काढतात एवढं माहीत आहे. नक्की कुठून किती मोजायचं? डिसेंबरात तो दिसतो का? मोबाइलला रेंज नाही असं धरून सांगा.

नक्षत्रवेडा: दिसतो. टेकापो ४४ अंश दक्षिण अक्षांशावर आहे, तिथे त्रिशंकू मावळतच नाही. पण डिसेंबरात संध्याकाळी तो अगदी खाली असतो. शिवाय सूर्यास्तच नऊनंतर होतो, पूर्ण अंधार साडेअकराच्या सुमारास. तेव्हा दक्षिणेकडे तोंड केलंत तर त्रिशंकू डावीकडे, सुमारे दोन मुठी उंचीवर आडवा-तिरका असतो. (हात ताठ पुढे धरला की मुठीची रुंदी साधारण १० अंश.)

त्याच्या लांब दांड्याच्या एका टोकाचा तारा तांबूस, दुसऱ्या टोकाचा पांढरा आणि जास्त ठळक. दोघांत ६ अंशांचं अंतर आहे. तांबूस ताऱ्याकडून पांढऱ्याकडे जाणारी रेघ तशीच पुढे साडेचार पट वाढवा, म्हणजे २७ अंश. तिथे दक्षिण ध्रुवबिंदू, म्हणजे ज्याभोवती तिथलं आकाश फिरताना दिसतं तो बिंदू. त्या जागी ठळक तारा नाही, शोधत बसू नका. तिथून सरळ खाली क्षितिजावर आलात की दक्षिण. पडताळा सोपा आहे: हा बिंदू क्षितिजापासून साडेचार मुठी वर यायला हवा. नाही आला तर रेघ उलट्या बाजूने वाढवली किंवा त्रिशंकू चुकला.

दुसरी चूक जास्त होते, कारण जवळच 'खोटा त्रिशंकू' आहे. डिसेंबरात तो खऱ्यापेक्षा वर असतो, त्यामुळे नजर आधी त्यावरच जाते. तो आकाराने मोठा, ताऱ्यांनी फिका. खऱ्या त्रिशंकूशेजारी मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे असतात. ती जोडी नसेल तर तो त्रिशंकू धरू नका.

प्रवासी_पुणे: आजूबाजूला डोंगर आहेत. खालचं आकाश झाकलं गेलं तर?

आकाशवाटा: मग खालचे तारे सोडाच, कारण मित्र-मित्रक त्या वेळी जेमतेम दीड मूठ वर असतात. अगस्त्य आणि अग्रनद हे दोन ठळक तारे घ्या, दोघंही खूप उंच असतात. अगस्त्य आग्नेयेला सहा मुठींच्या आसपास, अग्रनद नैर्ऋत्येला जवळजवळ सात मुठी. दोघांना जोडणारी रेघ पाया धरून दक्षिणेच्या बाजूला समभुज त्रिकोण कल्पा. तिसरा कोपरा ध्रुवबिंदूच्या जवळ येतो. अंदाज थोडा चुकेल, वाट ओळखण्यापुरता पुरतो. अगस्त्याऐवजी व्याध धरला जाण्याची भीती असते. व्याध त्याहून तेजस्वी, पण तो पूर्वेकडे आणि बराच खाली, चार मुठींवर असतो.

उत्तर हवी असेल तर मृग बघा. तो तिथे उलटा दिसतो. साडेअकराला ईशान्येला असतो आणि मध्यरात्रीनंतर पावणेदोनच्या सुमारास त्याचे मधले तीन तारे बरोबर उत्तरेला येतात. रोज चार मिनिटं लवकर, म्हणजे पंधरवड्यात तासभराचा फरक, तो विसरू नका.

नक्षत्रवेडा: होकायंत्र नेणार असाल तर एक सांगतो. तिथे सुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला वीस अंशांहून जास्त कलते. ताऱ्यांवरून काढलेली दिशा आणि सुई यांत एवढा फरक दिसला तर तारे बरोबर समजा. भारतात घेतलेल्या होकायंत्राची सुई तिथे तिरकी होऊन तबकडीला घासूही शकते. गाडीपासून दूर उभं राहून बघा. फोनचं होकायंत्र 'खरी उत्तर' दाखवायला लावता येतं, त्याला रेंज नाही, जीपीएस लागतं.

प्रवासी_पुणे: आणि दिवसा घड्याळावरून?

आकाशवाटा: काट्यांचं घड्याळ हवं. तिथे दुपारी सूर्य उत्तरेला असतो, म्हणून आपल्याकडची पद्धत उलटते: बाराचा आकडा सूर्याकडे धरा, तो आणि तासकाटा यांच्या मधोमध उत्तर. डिसेंबरात तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून बाराऐवजी एकचा आकडा धरायचा.