पास्कलच्या गणनयंत्रात चाकं उलटी फिरत नाहीत, मग वजाबाकी कशी?

दशमान: फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्कलने १६४२ साली ज्या यंत्राचं काम सुरू केलं त्यात चाकं एकाच दिशेने फिरतात. त्याआधीच्या, जर्मन प्राध्यापक शिकार्डच्या १६२३ च्या गणनयंत्रात ती उलटीही फिरत. पास्कलने ही सोय का सोडली? वजाबाकी कशी करत?

दातेरी: कारण हातच्यात आहे. शिकार्डच्या रचनेत चाकाची फेरी पूर्ण झाली की एक दाता पुढचं चाक एक घर ढकलतो. पण ९९९९९९ मध्ये १ मिळवताना सहाही चाकं एकदम हलवायची, आणि सगळा जोर एककाच्या चाकावर. पास्कलने दर दोन चाकांमध्ये वजनदार तरफ बसवली. चाक ९ कडे जाताना त्यावरच्या खुंट्या ती उचलत नेतात. ९ वरून ० वर जाताना ती सुटून पडते आणि तिचा खटका पुढचं चाक सरकवतो. ९९९९९९ ला सगळ्या तरफा आधीच वर असतात, त्या एकामागून एक पडतात. बोटांवर ताण येत नाही. फार सुंदर युक्ती आहे ही! मात्र उलट फिरवलं तर खुंट्या तरफेला अडतात.

पूरकांक: वजाबाकी ९ च्या पूरकाने होते, म्हणजे प्रत्येक अंक ९ मधून वजा केल्यावर जे उरतं त्याने. आकड्यांच्या ड्रमवर दोन ओळी असतात, एक सुलटी, एक पूरकांची. सरकती पट्टी त्यातली एक झाकते, दुसरी यंत्राच्या खिडकीत दिसते. ४३५८ − १२७९ घ्या. पूरकांची ओळ उघडी ठेवून ९९५६४१ फिरवा, खिडकीत ००४३५८ दिसेल. आता १२७९ नेहमीसारखे मिळवा. आत ९९६९२० होतात, खिडकीत ००३०७९. तेच उत्तर.

दशमान: मोठी संख्या वजा केली तर?

पूरकांक: ३ − ५ केल्यास खिडकीत ९९९९९८ येतं. डावीकडे ९ ची रांग दिसली की उत्तर ऋण. दहा लाखांतून वजा करा, २ मिळतात.

दातेरी: तीन गोष्टी विसरू नका. यंत्र सपाट ठेवायचं, कारण तरफ स्वतःच्या वजनाने पडते. तिरकं ठेवलं तर हातचा चुकतो, धक्का बसला तर नको तिथे पडतो. शून्यावर आणताना सगळीकडे ९ लावून एककात १ मिळवा, म्हणजे प्रत्येक तरफेची तपासणीही होते. आणि फ्रेंच नाण्यांच्या यंत्रात उजवीकडची दोन चाकं १२ आणि २० घरांची असतात (१२ दनिए = १ सोल, २० सोल = १ लिव्र). तिथे पूरक ९ चा धरला तर हिशेब बिघडेल. दनिएसाठी ११, सोलसाठी १९ मधून वजा करायचं.