‘मोकळी’ पिन की ‘अधांतरी’ पिन?

प्रश्न :
इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणे लिहितो आहे. चिपच्या ज्या पिना आपल्या सर्किटमध्ये लागत नाहीत, त्यांना मी ‘मोकळ्या पिना’ म्हटले होते. एका विद्यार्थिनीने ते वाचून अशा सगळ्या इनपुट पिना न जोडता तशाच ठेवल्या. पुढे धातूच्या खोक्याला हात लागून ठिणगी उडाली की तिचे सर्किट रीसेट व्हायचे. चूक तिची नाही, माझ्या शब्दाची आहे. ‘अनयूज्ड’ (न लागणारी) आणि ‘फ्लोटिंग’ (जिचे व्होल्टेज कशानेच धरलेले नाही अशी) यांना दोन निराळे शब्द हवेत. दुसरीला ‘तरंगती’ म्हणावे का?

प्रतिसाद १ :
‘मोकळी’मध्ये दोन अर्थ एकत्र नांदतात. ‘खुर्ची मोकळी आहे’ म्हणजे कोणी वापरत नाही. ‘दोर मोकळा सोडला’ म्हणजे बांधला नाही. पहिल्यासाठी ‘बिनवापराची’ म्हणा, दुसऱ्यासाठी ‘अधांतरी’. ‘तरंगती’ पटत नाही, कारण तरंगणाऱ्या वस्तूला खाली पाण्याचा आधार असतो आणि इथे नेमका आधारच नाही.

सीमॉस, म्हणजे आजच्या बहुतेक चिपांच्या धाटणीच्या, इनपुटमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. त्यामुळे शेजारच्या तारेतला बदल किंवा नुसते जवळ आलेले बोटही तिचे व्होल्टेज हलवते. ते मध्यावर येऊन थांबले तर वरचा आणि खालचा असे दोन्ही ट्रान्झिस्टर एकदम अर्धवट चालू होतात आणि पुरवठ्यातून थेट ग्राउंडकडे प्रवाह वाहतो. ना ० (कमी व्होल्टेज) ना १ (जास्त व्होल्टेज), अगदी त्रिशंकू.

आता ठिणगीचे. स्थिर विजेच्या ठिणगीसाठीच्या आयईसी ६१०००-४-२ या मानकाप्रमाणे ८ किलोव्होल्टच्या स्पर्श-चाचणीत प्रवाहाचे पहिले शिखर सुमारे ३० अँपिअर असते, आणि तिथवर तो एका नॅनोसेकंदाच्या आत चढतो. असा प्रवाह पिनेत शिरावाच लागतो असे नाही. तो जवळून गेला तरी अधांतरी पिन ० ची १ व्हायला पुरतो. ती पिन इंटरप्टची, म्हणजे चालू काम थांबवून दुसरे करायला लावणारी, असेल तर प्रोग्रॅम भलतीकडेच जातो.

प्रश्नकर्ता :
‘अधांतरी’ घेतला. ठिणगीपुढच्या सर्किटच्या ‘इम्युनिटी’ला ‘प्रतिकारशक्ती’ चालेल?

प्रतिसाद २ :
मला नाही चालणार. सर्किट ठिणगीशी झुंजत नाही, तिचा त्याच्यावर परिणाम होत नाही एवढेच. विषबाधेतली ‘बाधा’ इथे चपखल बसते : ‘ठिणगीची बाधा न होणे’. नाम हवे तर ‘निर्बाधता’.

त्यापासून ‘टिकाव’ वेगळा काढा, हे फार महत्त्वाचे आहे. १०० पिकोफॅरड आणि १५०० ओहमची जी मानवी-शरीर चाचणी असते, ती चिपला वीजपुरवठा नसताना घेतात. चिप जगली की मेली एवढेच ती सांगते. चालू यंत्र न अडखळता चालत राहणे ही निर्बाधता. बिनवापराच्या पिना नीट जोडण्याचा लाभ मुख्यतः तिथे दिसतो.

प्रतिसाद ३ :
‘न जोडलेली’ आणि ‘अधांतरी’ हेही एक समजू नका. आउटपुट पिनेला बाहेरून काहीच जोडलेले नसले तरी तिचे व्होल्टेज चिप स्वतः धरून ठेवते, म्हणून ती अधांतरी नाही. मायक्रोकंट्रोलरची (प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपची) बिनवापराची पिन प्रोग्रॅममध्ये आउटपुट करून ० वर ठेवतात ती त्याचसाठी. डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) पिनेपुढे लिहिलेल्या ‘एनसी’ या दोन अक्षरांनीही घोळ होतो : कुठे अर्थ ‘आत काही जोडलेले नाही’, कुठे ‘तुम्ही काही जोडू नका’. डेटाशीट वाचूनच भाषांतर करा.

प्रश्नकर्ता :
मग वाक्य असे करतो : ‘बिनवापराची इनपुट पिन अधांतरी ठेवू नये, ती १० किलोओहमच्या रोधकाने (रेझिस्टरने) ग्राउंडला जोडावी, आणि रोधक पिनेलगत असावा.’

प्रतिसाद १ :
रोधकाचे कारणही लिहा. प्रोग्रॅमच्या चुकीने ती पिन आउटपुट होऊन १ झाली, तर थेट जोडणीत शॉर्ट होईल. आणि ‘ग्राउंडला’ऐवजी ‘डेटाशीट सांगेल त्या बाजूला’ असे करा. बऱ्याच चिपांची रीसेट पिन ० वर गेली की चिप थांबते. तुमचे वाक्य जसेच्या तसे पाळले तर ती चिप कधी सुरूच होणार नाही.