हिप्परगा तलावाकाठचं काटेरी झुडूप: कोरांटी की तालीमखाना?

जोंधळा:
सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या कडेला काळ्या मातीत कमरेएवढं काटेरी झुडूप आहे, फुलं निळसर जांभळी. कुणी कोरांटी म्हणतं, कुणी तालीमखाना. खात्री कशी करायची? आणि हिवाळाभर नोंद ठेवायची तर काय काय लिहायचं?

काळीमाती:
फुलाआधी पेर बघा, म्हणजे खोडावर पानं फुटतात तो सांधा. तालीमखान्याचं, म्हणजे आपल्या कोळसुंद्याचं, खोड चौकोनी आणि केसाळ. दर पेराला सहा पानांचा वेढा: बाहेरची दोन लांब, आतली चार आखूड. पानांच्या बगलेत पिवळसर, सरळ, तीनेक सेंटिमीटरचे काटे, तेही सहा. फुलं त्याच वेढ्यात जोडीजोडीनं येतात. फुलाला दोन ओठ, वरचा दुभंगलेला, खालचा तीन पाळ्यांचा आणि त्यावर उभ्या चुण्या. कोरांटीतही निळ्या फुलांची जात असते, म्हणून रंगावर जाऊ नका. तिला हा सहा काट्यांचा वेढा नसतो.
बोंड वाळलं की दोन-चार बिया पाण्याच्या थेंबात टाका. लगेच बुळबुळीत होऊन बोटाला चिकटतात. काष्ठौषधीच्या दुकानात तालीमखाना म्हणून मिळतं ते हेच बी.

पाणकाठ:
शोधताना हमखास चूक होते ती जागेची. लोक आजच्या पाण्याच्या कडेनं फिरतात. हे झाड पावसाळ्यातल्या ओलीत वाढतं आणि पाणी ओसरताना फुलतं, त्यामुळे डिसेंबरात त्याची रांग पाण्यापासून बरीच वर, भेगाळलेल्या मातीत सापडते. गाळपेरीला, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरायला, काठ नांगरला की रांगच जाते, तेव्हा ऑक्टोबरअखेर सुरुवात करा.
पाच झाडं निवडून काठीला रंगीत चिंधी बांधा. दर आठ दिवसांनी तीच झाडं बघून चार आकडे लिहा: उंची, फुललेली पेरं, उघडी फुलं, पाण्यापासूनचं अंतर पावलांत. दर वेळी नवं झाड घेतलं तर बहर चढतोय की उतरतोय ते कळत नाही. पानं कुरतडलेली दिसली तर खालून बघा, पीकॉक पॅन्झी फुलपाखराच्या अळ्या यावर वाढतात. काटेरी काळी अळी दिसली तर फोटो घ्या, झाडावरून काढू नका.

जोंधळा:
मोबाइलवर फुलं अगदी निळी येतात. आणि चपलेवर जाता येईल का?

काळीमाती:
भर उन्हात जांभळा रंग बिघडतो. सकाळी, अंगाची सावली फुलावर धरून काढा. एक फोटो समोरून, एक बाजूनं, एक पेराचा. पेराशेजारी दहाचं नाणं धरा, ते 27 मिलिमीटरचं असतं, म्हणजे काट्याचं माप मिळतं. चप्पल नकोच, जाड तळाचे बूट घाला. वरची माती सुकलेली दिसते पण खाली चिखल असतो, पाय रुततो आणि तोल सावरायला हात नेमका काट्यांवर जातो.