'हॉल ऑफ फेम'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : तोक्योच्या बेसबॉल संग्रहालयावर लिहितोय. त्याच्या नावातच 'हॉल ऑफ फेम' आहे. एका मित्राने 'कीर्तिमंदिर' सुचवलं. चालेल का?

प्रतिसाद : शब्द भारदस्त आहे, पण कीर्तिमंदिर म्हटलं की आपल्याला बडोदं आठवतं. सयाजीरावांनी उभारलेली ती वास्तू गायकवाड घराण्यातल्या दिवंगतांचं स्मारक आहे. हॉल ऑफ फेममध्ये हयात माणसंही असतात. आयसीसीने २०१९ मध्ये सचिनला घेतलं. 'सचिन कीर्तिमंदिरात गेला' असं लिहून बघा, मन कचरतं.

मी 'कीर्तिदालन' वापरेन. तोक्योत तर ते खरोखर दालनच आहे, निवड झालेल्यांचे उठावातले चेहरे तिथे भिंतीवर ओळीने लावलेत. संग्रहालय १९५९ मध्ये कोराकुएन मैदानाशेजारी सुरू झालं, १९८८ मध्ये तोक्यो डोममध्ये आलं.

तुमच्या लेखात एक गोष्ट जरूर घ्या. त्या भिंतीवर शब्द घडवणारेही आहेत! बेसबॉलला जपानी लोक 'याक्यू' म्हणतात : 'या' म्हणजे मैदान, 'क्यू' म्हणजे चेंडू. १८९४ मध्ये हा शब्द रूढ करणारे चूमान कानाए १९७० मध्ये दालनात आले. २००२ मध्ये आले हायकूकार मासाओका शिकी. फलंदाजाला 'दाशा', धावणाऱ्याला 'सोशा' हे त्यांनी योजलेले शब्द आजही जपानी समालोचनात ऐकू येतात. शिकी स्वतः खेळायचे. बालपणीचं नाव नोबोरू, म्हणून त्यांनी 'याक्यू'चीच दोन चित्राक्षरं वेगळ्या उच्चाराने 'नो-बोरू' अशी वाचून टोपणनाव केलं. क्षयाने पस्तिशीच्या आत गेले. खेळ मनापासून खेळलेल्या माणसाने दिलेला शब्द लोकांच्या तोंडी सहज बसतो, असं मला ठामपणे वाटतं.

प्रश्न : मग आपली 'चेंडूफळी' का मागे पडली?

प्रतिसाद : मैदानावरची पोरं 'क्रिकेट'च म्हणत राहिली, म्हणून. जपानमध्ये मात्र शाळा-कॉलेजांच्या संघांनी 'याक्यू' उचलला. तरी 'स्ट्राइक', 'आउट' त्यांनीही इंग्रजीच ठेवले. दुसऱ्या महायुद्धात ते हुकमाने बदलले, 'आउट'ला 'हिके' म्हणायला लावलं. युद्ध संपताच जुने शब्द परत आले.

प्रश्न : आणि क्रियापद? 'दालनात प्रवेश दिला'?

प्रतिसाद : नको, दारात अडवून मग आत सोडल्यासारखं वाटतं. 'कीर्तिदालनासाठी निवड झाली' म्हणा. तिथे निवड मतदानानेच होते.