मदत हवी आहे: लहान गाडीला ट्रेलर लावून ढोल आणि मखर रेडिंगहून बर्मिंगहॅमला न्यायचे आहेत

नमस्कार मंडळी,

गणपती जवळ आले आणि या वेळी सामान नेण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. आमच्या पथकाचे आठ ढोल, मखराच्या प्लायवूडच्या फळ्या, पाइप आणि दोन स्पीकर बर्मिंगहॅमच्या हॉलवर पोहोचवायचे आहेत. दोन वर्षं आम्ही भाड्याची व्हॅन घेत होतो. यंदा मंडळातले एक काका त्यांचा सहा बाय चार फुटांचा ट्रेलर देत आहेत, म्हणून तो खर्च वाचवून महाप्रसादाला वापरायचं ठरलं.

आमची गाडी १.२ पेट्रोलची लहान हॅचबॅक आहे, रिकामं वजन १०५० किलो. टो बार (मागे ट्रेलर जोडायचा दांडा) गाडी घेतली तेव्हापासूनच आहे, पण आम्ही त्याला सायकलींचा रॅक सोडून कधी काही लावलं नाही. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत. त्याचं रिकामं वजन १३० किलो आहे. एक ढोल घरच्या काट्यावर साधारण दहा किलो भरला. फळ्या आणि पाइप मिळून १३०, दोन्ही स्पीकर ४०. म्हणजे ट्रेलर धरून ३८० किलो होतात.

गाडी मी चालवणार, शेजारी नवरा आणि मागे दोन्ही मुलं. खरं सांगते, मुलं गाडीत असल्यामुळेच धाकधूक वाटते आहे. एवढं वजन या गाडीला झेपेल का? ब्रिटिश लायसन्स २०१४ चं आहे, ते चालेल का? वाटेत काय सांभाळू?

प्रतिसाद १

ताई, लायसन्सची काळजी नको. १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. ७५० किलोपर्यंतचा छोटा ट्रेलर तर त्याआधीही चालत होता.

आधी गाडीवरची चॅसिस नंबरची पट्टी शोधा. दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली असते. तिच्यावर वजनाचे चार आकडे असतात. पहिला गाडी पूर्ण भरल्यावरचं कमाल वजन आणि दुसरा गाडी अधिक ट्रेलर मिळून कमाल वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की भरलेल्या गाडीमागे किती ओढता येईल ते कळतं. दुसरा आकडाच नसेल किंवा शून्य असेल, तर त्या गाडीने ट्रेलर ओढायचा नाही. टो बार बसवलेला असला तरी नाही.

बिनब्रेकच्या ट्रेलरला आणखी एक मर्यादा आहे: ७५० किलो किंवा गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्मं, यातलं जे कमी ते. तुमच्या बाबतीत ५२५. पट्टीचा हिशेब याहून कमी आला तर तोच धरायचा. गाडीच्या पुस्तिकेतला बिनब्रेकच्या ट्रेलरचा आकडाही बघा. विमा कंपनीला फोन करून ट्रेलर लावल्यावर काय काय कव्हर आहे तेही विचारून ठेवा.

धागाकर्ती

मनापासून आभार! पट्टीवर १५३० आणि २०३० आहे, म्हणजे ५०० किलो. पुस्तिकेतही बिनब्रेकचा आकडा ५०० च आहे. ३८० त्यात बसतं.

सामान लावताना स्पीकर अगदी मागे ठेवायचा विचार आहे, म्हणजे हॉलवर पोहोचल्यावर ते आधी निघतील.

प्रतिसाद २

स्पीकर मागे मुळीच ठेवू नका. हीच चूक मी केली होती.

घर बदलताना वॉशिंग मशीन आधी उतरवायचं म्हणून शेवटी चढवलं आणि ते ट्रेलरच्या पार टोकाला राहिलं. गावात काही जाणवलं नाही. मोटरवेच्या उतारावर बाजूने एक लॉरी गेली आणि ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागला. दोन-तीन झोक्यांत माझ्या गाडीचा मागचा भागही त्याच्याबरोबर ओढला जाऊ लागला. नशिबाने बाजूची लेन मोकळी होती. आजही तो उतार आला की माझे हात घट्ट होतात.

याचं कारण सरळ आहे. मागे वजन जास्त झालं की ट्रेलरची दांडी टो बॉलवर, म्हणजे टो बारच्या गोळ्यावर, टेकण्याऐवजी तो उचलू पाहते. गाडीची मागची चाकं हलकी होतात आणि ट्रेलर टो बॉलभोवती घड्याळाच्या लंबकासारखा डोलतो. जड सामान तळाला, चाकांच्या बरोबर वर आणि किंचित पुढे हवं. टो बॉलवर एकूण ट्रेलरच्या साधारण ५ ते ७ टक्के भार आला पाहिजे. तुमच्याकडे तो १९ ते २७ किलो येतो. ट्रेलर भरून सपाट जागी उभा करा, दांडीखाली टो बॉलच्या उंचीचा लाकडी ठोकळा आणि त्याखाली न्हाणीघरातला वजनकाटा ठेवा. टो बॉलला जास्तीत जास्त किती भार चालतो ते पुस्तिकेत आणि टो बारच्या पट्टीवर असतं, त्याच्यावर जाऊ नका.

एवढं करूनही डोलायला लागला, तर ॲक्सिलरेटरवरून पाय उचला, स्टिअरिंग सरळ धरा आणि वेग आपोआप उतरू द्या. जोरात ब्रेक मारू नका. वेग वाढवून सरळ करायचा प्रयत्न तर कधीच नको.

प्रतिसाद ३

काकांचा ट्रेलर वर्षभर अंगणात उभा असेल तर टायर नीट पाहा. नक्षी शाबूत दिसली तरी कडेला भेगा असतात. टायरच्या बाजूवर चार अंक असतात, पहिले दोन टायर बनवल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. गाडीच्या मागच्या टायरमध्ये पूर्ण भारासाठीची हवा भरा.

दिव्यांची पिन जुनी सात टोकांची असेल आणि गाडीला तेरा टोकांचं सॉकेट असेल, तर मधे अडॅप्टर लागेल. इंडिकेटर, ब्रेक, टेल लाइट सगळं दुसऱ्याला मागे उभं करून तपासा. ट्रेलरवर तुमच्याच गाडीचा नंबर हवा, पिवळ्या पट्टीवर. हिच (दांडीच्या टोकाची टो बॉलवर बसणारी पकड) बसवल्यावर ट्रेलरचं पुढचं छोटं चाक खाली फिरवून दांडी वर रेटून बघा. गाडीचा मागचा भाग तिच्याबरोबर उचलला गेला म्हणजे पकड नीट बसली. साखळी विसरू नका, आणि ती इतकी आखूड हवी की हिच सुटली तरी दांडी रस्त्याला टेकणार नाही.

वाटेतल्या ए३४ आणि एम४० या मोठ्या रस्त्यांवर तुम्हाला ताशी ६० मैलांची मर्यादा, मधे दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर ५०. तीन लेनच्या मोटरवेवर सर्वात उजवी लेन तुमच्यासाठी नाही. ए३४ वरच्या ईस्ट इल्सलीच्या चढावर वेग पडला तर पडू द्या, वेळेत खालचा गिअर टाका. ब्रेक फक्त गाडीचेच आहेत, म्हणून पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. ढोल वजनाला हलके पण उंच, वारा त्यांनाच आधी धरेल. ताडपत्री फडफडू देऊ नका, वरून जाळी ताणा, आणि पहिल्या दहा मैलांनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळा.

धागाकर्ती

आज ट्रेलर भरून पाहिला. स्पीकर मागे असताना काट्यावर जेमतेम ८ किलो आले! ते चाकांच्या पुढे घेतले तर २४. एवढ्याशा सरकवण्याने इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. एक टायर २०११ चा निघाला, दोन्ही नवे टाकतोय. रविवारी मुलांना घरी ठेवून भरलेल्या ट्रेलरसह न्यूबरीपर्यंत जाऊन येईन.

आता एकच अडचण. हॉलच्या मागची गल्ली अरुंद आहे आणि रिव्हर्स मला जमत नाही. रिकाम्या कार पार्कमध्ये सराव केला, पण ट्रेलर दर वेळी आडवा होतो.

प्रतिसाद २

लहान ट्रेलर फार पटकन वळतो, त्यामुळे तो मोठ्यापेक्षाही अवघड जातो. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. मग हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलर वळतो. थोडा तिरका झाला की लगेच पुढे जाऊन सरळ करा. आणि त्या दिवशी तेही नको वाटलं, तर गल्लीच्या तोंडाशीच सामान उतरवून घ्या, हिच सोडा आणि १३० किलोचा रिकामा ट्रेलर पथकातल्या तिघांना हाताने आत ढकलू द्या.

धागाकर्ती

हे उत्तम. तिघांना आत्ताच सांगून ठेवते.